बिदरी वेल, हळदी दार

नांदेडच्या फलाटावर त्या सकाळी ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल होता. नवी गाडी लागली होती. काळीभोर, चकचकीत... आणि पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत चांदीची एकच वेल तिच्या अंगावरून सळसळत गेलेली. परतीचा पाऊस बारीक भुरभुरत होता. ओल्या पत्र्यावर ती वेल अशी लखलखत होती, की लोक चढायचं सोडून तिच्यासमोर उभे राहून फोटो काढून घेत होते.

मंजुश्रीलाही ती वेल दिसत होती, पण तुकड्या-तुकड्यानं. एक पान. मग एक वळण. मग नुसता काळोख.

तिची नजर शाळेत असल्यापासून आक्रसत चालली होती. आता तर नळीतून पाहावं एवढंच दिसायचं. मधलं थोडं दिसे, आजूबाजूचं काही नाही. ढगाळ उजेडात काळं आणि करडं एकमेकांत मिसळून जायचं. तरी तिचं कुठं अडत नव्हतं. नांदेडच्या एका दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट होती आणि सुट्टीला लातूरला, आईवडिलांकडे, एकटीच जायची. जुन्या गाड्यांची दारं तिच्या ओळखीची होती. ती उघडी असत, आतला उजेड बाहेर सांडे, कडेला पिवळा पट्टा असे. या गाडीची दारं आपोआप मिटणारी होती आणि वेल त्यांच्यावरूनही तशीच पुढं गेली होती.

आज धाकट्या बहिणीचा, अक्षराचा साखरपुडा होता. मंजुश्रीनं इरकल नेसली होती. केसांत गजरा होता. पांढरी काठी घडी करून पिशवीत ठेवलेली... आजच्या दिवशी ती हातात नको वाटली होती तिला.

"दार कुठंय हो?" तिनं शेजारून जाणाऱ्याला विचारलं.

"हे काय, पुढं!" म्हणत तो पळाला.

ती पत्र्यावर तळहात ठेवून चालू लागली. गार, ओला, गुळगुळीत पत्रा. एक फट लागली बोटांना, पण ती दाराची की दोन पत्र्यांमधली, कळेना. तेवढ्यात शिट्टी झाली. आणि तळहाताखालचा पत्रा हलला.

"सोडा! अहो, हात काढा!"

कुणीतरी दंड धरून तिला मागं खेचलं. वेल सरसर सरसर डोळ्यांपुढून निघून गेली आणि समोर एकदम आभाळाचा उजेड उरला.

"लागलं का तुम्हाला?" खेचणारा धापा टाकत होता.

"नाही. गाडी गेली."

"पण तुम्ही दाराच्या पुढंच होता की! मी केव्हाचा बघून राहिलो होतो. मला वाटलं, तुम्ही वेलीला हात लावून बघताय..."

"मी दार शोधत होते. मला नीट दिसत नाही." अनोळखी माणसापुढं हे वाक्य ती सहसा उच्चारत नसे. आज मात्र राग अनावर झाला होता. "ज्यानं कुणी ही गाडी रंगवलीय ना, त्याला दाराची लाज वाटली असणार. झाकून टाकलंय बिचारं."

पावसाचा आवाज पत्र्याच्या छपरावर वाढला.

"वाटली होती," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"लाज. दार मधी आलं की वेल तुटत होती. म्हणून मग दारावरूनच नेली." त्यानं घसा साफ केला. "मी सोमेश. गाडी मीच रंगवलीय."

मंजुश्रीनं त्याच्या दिशेनं पाहिलं. नजरेच्या नळीत एक भिजलेली कॉलर आली, आणि एक ओठ... दातांखाली घट्ट धरलेला.

"छान," ती म्हणाली. "माझ्या बहिणीला तुम्हीच सांगा, अक्का का आली नाही ते."

"सांगतो. चला, बसनं जाऊ. मलाही लातूरलाच जायचंय."

"बस मला सापडते. लाल असते. दार असतं तिला."

तरीही तो मागोमाग आला.

लोह्यापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. तोही शेजारच्या बाकड्यावर अंग चोरून बसला होता. तो उमरीचा. पुण्यात चित्रकला शिकला होता, आता एका खाजगी कंपनीत होता. रेल्वेच्या डब्यांना बाहेरून रूप द्यायचं काम होतं आणि कंपनीचं रंगकामाचं शेड लातूरजवळ होतं. हे सगळं त्यानं न विचारता सांगून टाकलं आणि मग एकदम थांबला.

खिडकीतून वाफसलेल्या रानाचा वास येत होता. राग धरून ठेवायचा मंजुश्रीला कंटाळा आला.

"कशी आहे हो ती?" तिनं विचारलं.

"कोण?"

"तुमची वेल. मला नुसते तुकडे दिसले. सगळी मिळून कशी आहे?"

सोमेश तिच्याकडं पाहतच राहिला. ती वेल कागदावर उतरल्यापासून लोक 'मस्त', 'भारी' म्हणत होते. कशी आहे, असं कुणी विचारलं नव्हतं.

"माझं आजोळ उदगीरचं," तो हळूहळू बोलू लागला. "आजीकडं बिदरी पानदान होतं. काळं कुळकुळीत, त्याच्यावर चांदीची तार ठोकलेली. मी लहानपणी त्या तारेवरून बोट फिरवायचो... कुठं सुरू होते, कुठं संपते, सापडायचंच न्हाई. ती वेल मला इतकी मोठी करायची होती, की बघणाऱ्याला चालत जावं लागावं."

"आणि चालत गेल्यावर?"

"गेल्यावर..." तो अडखळला. "त्याच्या पुढचं मी काही ठरवलंच नव्हतं."

अहमदपूरच्या स्टँडवर त्यानं चहा आणला. कप तिच्या हातात देताना त्यानं कानाची बाजू तिच्या बोटांकडं वळवून दिली, काही न बोलता. मंजुश्रीच्या ते लक्षात आलं. तिनं गजरा चाचपला. मान खाली घालून चहा प्यायली.

घरी पोचली तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या. अक्षरा धावत येऊन गळ्यात पडली.

"अक्का... तुझ्याबिगर झालं गं! मी थांबा म्हणत होते, पण मुहूर्त..."

"असू दे. लग्नाला आदल्या दिवशी येते की," मंजुश्री हसून म्हणाली, आणि मग तिलाच हुंदका आवरला नाही.

उंबऱ्याबाहेर सोमेश उभा होता. बहिणीला काय सांगायचं ते तो वाटेत मनात जुळवत आला होता. दोघी बहिणींना तसं पाहिल्यावर त्याच्यानं बोलवलं नाही. तो तसाच मागं फिरला.

* * *

काही दिवसांनी तो नांदेडला दवाखान्यात आला. मंजुश्री एका म्हाताऱ्या बाईंचा खांदा मोकळा करत होती. तो बाकड्यावर वाट पाहत बसला.

"मी एक चष्मा केला होता," बाई गेल्यावर तो म्हणाला. "सगळा काळा रंगवलेला, मधी भोक ठेवून. तो घालून गाडीच्या कडेनं चाललो. लई भीती वाटली मला."

"मग?"

"मग काढला."

"तुम्हाला काढता आला," मंजुश्री म्हणाली. ती हे रागानं म्हणाली नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं.

"हाव," तो म्हणाला. "काढता आला. म्हणून तर तुमच्याकडं आलो. त्या चष्म्यातून मला जे कळलं ते पुरं पडणार न्हाई. शेडमधी येता का एकदा?"

"मी नमुना म्हणून येणार नाही."

"नमुना म्हणून न्हाई." त्याला पुढचा शब्द सापडेना. "भांडायला या."

ती हसली. आणि गेली. एकटी नाही. सोबत दवाखान्यातली मैत्रीण बुद्धप्रिया होती, जिच्या जिभेला हाड नव्हतं.

शेडमध्ये एक डबा खास बाजूला उभा केला होता. सोमेश दाराच्या कडेनं पट्ट्या चिकटवायचा आणि मंजुश्री लांबून सांगायची. चंदेरी पट्टी वेलीत हरवली. पांढरी उन्हात चमकून पुसली गेली. केशरी जरा दिसली, पण ढग आला की काळ्यात बुडाली. मग त्यानं दाराएवढा पिवळा कागद लावला, हळदीचा असावा तसा पिवळा, आणि मंजुश्री बोट दाखवून जवळजवळ ओरडलीच, "तिथं! तिथं दार आहे!"

त्या आवाजानं सोमेशच्या अंगावर काटा आला. पण मागं सरून त्यानं पूर्ण डबा पाहिला तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"काय झालं?" तिनं विचारलं. शांतता तिला लवकर कळायची.

"वेल तुटली. भिंतीला भगदाड पडल्यावानी दिसायलंय."

"मग तुटू द्या की," बुद्धप्रिया म्हणाली.

"नको," मंजुश्रीच म्हणाली. ती पुढं झाली, पत्र्यावरून हात फिरवत वेलीच्या शेवटापर्यंत गेली. "सोमेश, आमच्या लातूरच्या घरी जाईची वेल आहे. ती वर चढता चढता खिडकीपाशी आली, तर काय करते?"

"खिडकीच्या कडेनं वळते."

"मग हिला का आडवं जायचंय?"

त्या रात्री त्याला झोप आली नाही. पुढच्या वेळी ती गेली तेव्हा वेल दाराशी येऊन वळली होती. दोन्ही बाजूंनी वर चढून तिनं हळदी दाराला कमान केली होती, आणि खालची पानं दाराकडं कललेली होती. डब्याचा क्रमांक बोटांना लागेल असा उठावाचा होता. दिव्यांगांच्या डब्याची खूण आता कोपऱ्यात लपलेली नव्हती, दाराशेजारी मोठी, ठळक बसवली होती.

मंजुश्रीनं बोटांनी एकेक पान वाचलं. कितीतरी वेळ.

"आता सुंदर झालीय," ती म्हणाली.

"आधी नव्हती?"

"आधी सुंदर असेल... माझ्यासाठी नव्हती."

नंतर तिची सुट्टी कधी, ते शेडमधलं काम ठरवू लागलं. कामाचं निमित्त कमी कमी होत गेलं, भेटी मात्र तेवढ्याच राहिल्या. एकदा तिनं विचारलं, "आज शर्ट कोणता घातलाय तुम्ही?"

"राखाडी."

"म्हणूनच सापडत नव्हतात. ठळक घालत जा."

पुढच्या खेपेला तो पिवळाधमक शर्ट घालून फलाटावर उभा राहिला. "अगं बाई, झेंडूचा ढीगच चालत येऊन राहिलाय!" बुद्धप्रिया खो-खो हसली. मंजुश्री हसली नाही. दूरवर, गर्दीत, एक पिवळा ठिपका हलत होता, आणि तो आपल्यासाठी घातलेला आहे... एवढ्या विचारानंच तिचे कान गरम झाले.

* * *

नव्या दारांचा शेवटचा निर्णय करायला कंपनीचे मोठे साहेब लातूरला आले. सोमेशनं मंजुश्री आणि बुद्धप्रियालाही बैठकीला बोलावलं होतं.

साहेबांनी डबा पाहिला. मान हलवली. "अखंड वेल हीच या गाडीची ओळख होती. त्यात हे पिवळं! दार सापडत नाही अशा प्रवाशांच्या तक्रारी आहेत, कबूल. मग सोपं करू. वेल पुसून टाका. साधा रंग, पिवळी दारं. नियमात बसेल, विषय संपेल."

सोमेश उठून उभा राहिला. इतक्या दिवसांत तो दारासाठी भांडायची तयारी करून आला होता. वेलीसाठी भांडावं लागेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"पुसू नका," मंजुश्री म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले.

"पहिल्याच दिवशी माझी गाडी या वेलीमुळं चुकली. बहिणीच्या साखरपुड्याला मी नव्हते. तरीही सांगते, पुसू नका. आमच्यासाठी काही करायचं म्हटलं की लोक आधी त्यातली शोभा काढून घेतात. जिना नको तर नुसता सिमेंटचा उतार. पुस्तक मोठ्या अक्षरात पाहिजे तर चित्रं गायब. जसं काही आम्हाला चांगलं काही नकोच असतं. मला दार दिसू द्या, साहेब. पण दारापाशी पोचल्यावर तिथं काहीतरी सुंदर असू द्या."

बाहेर पत्र्यावर हातोडा वाजत होता, तोही थांबल्यासारखा झाला.

साहेबांनी ते मान्य केलं. सगळ्या डब्यांना नवं दार आणि वळणारी वेल. पण माणसं अशा गोष्टी फुकट मान्य करत नाहीत. बाहेरच्यांना बैठकीत आणून कंपनीला अडचणीत टाकलं, या कारणानं सोमेशला त्या कामावरून त्याच संध्याकाळी काढण्यात आलं. वेल तीच राहणार होती, रंगवणारे हात दुसरे.

शेडबाहेरच्या रस्त्यावर दोघं उभे होते. बुद्धप्रिया मुद्दाम पुढं रिक्षा बघायला गेली होती.

"माझ्यामुळं झालं हे," मंजुश्री म्हणाली.

"तुमच्यामुळं वेल वाचली." तो तिच्याकडं वळला. "मंजुश्री, मला तुम्हाला एक सांगायचंय. केव्हाचं..."

"थांबा." तिनं हात वर केला. "आधी माझं ऐका. मला आत्ता जेवढं दिसतं, तेवढंही राहणार नाही. ही नळी मिटत जाणार आहे. किती वर्षांत, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तुम्ही रंगांत जगणारे. उद्या तुम्ही काही चितारलं तर ते मला कुणाच्या तोंडून ऐकावं लागेल... हे माहीत करून घ्या, आणि मगच सांगा."

सोमेशनं काहीच उत्तर दिलं नाही.

ती वाट पाहत राहिली. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. मग तिनं पिशवीतून काठी काढली, एकेक घडी उलगडली, आणि रिक्षाच्या आवाजाकडं चालू लागली.

* * *

तो उमरीला गेल्याचं कळलं. त्याच्या आईनं, चतुराबाईंनी, फोन केला होता. पोरगा कुणाशी बोलून नाही राहिला, नुसता रानात हिंडतो, म्हणाल्या. मंजुश्रीनं 'बरं' म्हटलं. आणि फोन ठेवला.

अक्षराचं लग्न झालं. थंडी पडली. नव्या दारांची गाडी धावू लागली, मंजुश्री तिच्यातून येऊ-जाऊ लागली. दार पहिल्या नजरेत सापडायचं. आत जाऊन बसली, की मात्र डोळे भरून यायचे. ते मौन तिनं मनातल्या मनात हजारदा उलटून पाहिलं होतं. त्यात नकाराशिवाय दुसरं काही सापडत नव्हतं.

आणि एका दुपारी, लातूरला गंजगोलाईच्या बाजारातल्या मंजुश्रीच्या वडिलांच्या भांड्यांच्या दुकानात, सोमेश येऊन उभा राहिला. वडिलांनी, सिद्रामप्पांनी, गल्ल्यावरूनच त्याला निरखलं. कपाळावरची विभूती, हातातलं पितळी वजन, काहीच हललं नाही.

"अप्पा, मी सोमेश."

"ठावं हाय. बसा."

तो बसला. नोकराला चहाला पिटाळून अप्पांनी सरळच विचारलं, "माझी लेक रडलेली मला चालते, सोमेशराव. तिची कुणी कीव केलेली चालत न्हाई. खरं सांगा. दया करायलाव का तिच्यावर?"

"न्हाई, अप्पा." त्यानं मान वर केली. "पहिल्या दिवशी लाज होती, माझीच. नंतर तिच्याशी भांडायची ओढ लागली. दया कधी आलीच न्हाई. तशी ती येऊ बी देत न्हाई."

अप्पांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "ते खरं हाय," ते म्हणाले. "सिद्धेश्वराच्या देवळात गेलीय. जावा. काय बोलायचं ते तिच्याशी बोला, माझ्याशी न्हवं."

देवळाचं पटांगण दुपारचं रिकामं होतं. कोवळं, पांढरं ऊन पडलं होतं. मंजुश्री पिंपळाखालच्या ओट्यावर बसली होती. पावलं तिनं लांबूनच ओळखली, पण ती उठली नाही.

"उत्तर द्यायला लई उशीर केला मी," तो समोर येऊन म्हणाला.

"उत्तर दिलं होतंत तुम्ही. गप्प राहून."

"ते उत्तर नव्हतं. लगेच काही बोललो असतो तर ते खोटं झालं असतं. 'मला काही फरक पडत न्हाई' असं म्हणायचं असतं ना अशा वेळी? पण पडतो. मला भीती वाटते, मंजुश्री. तुम्हाला दिसायचं थांबेल त्या दिवसाची भीती वाटते. उमरीला जाऊन रोज त्या दिवसाचा विचार केला." तो थांबला. "त्या दिवशी मी तिथं नसेन, हा विचार मात्र एकदाही सोसला न्हाई. एवढंच कळलं मला. काम दुसरं मिळेल, मिळतंय... तुम्ही दुसऱ्या मिळणार न्हाई. मला तुमच्याशी लग्न करायचंय. भीतीसकट."

ओट्याच्या दगडावर मंजुश्रीचे तळवे टेकलेले होते. मग ती उभी राहिली.

"मागं सरका जरा," ती म्हणाली.

"काय?"

"मागं सरका. मी सांगेन तोवर."

तो गोंधळला. दोन पावलं मागं गेला.

"अजून."

तो गेला. पिंपळाच्या सावलीबाहेर, उन्हात.

"अजून थोडं... हां. थांबा. हलू नका."

जवळच्या माणसाचा तिच्या वाट्याला नेहमी तुकडाच यायचा. एक डोळा, नाहीतर कॉलरचं बटण, नाहीतर दाताखाली धरलेला ओठ. दूर गेलेला सोमेश नजरेच्या त्या लहानशा गोलात पहिल्यांदा पुरता मावला. वाऱ्यानं विस्कटलेले केस. उन्हातान्हात हिंडून रापलेला चेहरा. हात कुठं ठेवावेत ते न कळून एकमेकांत गुंतवलेले. धुळीनं भरलेल्या चपला. सगळा. एकदम.

तिनं त्याला पाहून घेतलं. घाई न करता... पुढच्या सगळ्या वर्षांना पुरेल इतकं.

"दिसलो का?" लांबून त्यानं भीत भीत विचारलं.

"दिसलात," ती म्हणाली, आणि तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. तिनं हात पुढं केला. "आता जवळ ये."